हौसाच्या विहिरीवरचा मंत्र

सावकाश या पाहुणे, शेवटच्या वळणावर मुरूम निसरडा आहे. ही ती विहीर. कठड्याभोवती खापरांचा ढीग दिसतो ना? त्या घागरी आपोआप फुटलेल्या नाहीत, आम्ही फोडल्या आहेत. दर चैत्रात, पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, खालच्या पाझरवाडीतल्या प्रत्येक घरातला एक माणूस मातीची भरलेली घागर खांद्यावर घेऊन हा डोंगर चढतो. पाणी या कोरड्या विहिरीत ओततो आणि रिकामी घागर कठड्यावर आपटतो. ओतताना तो ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतो. ते शब्द बाहेरच्याला सांगायचे नाहीत, असा गावाचा दंडक आहे.

खाली देवळापाशी 'क्षमेची विहीर' अशी पाटी वाचून तुम्ही वर आला असाल. पाटी रंगवणाऱ्याने मला विचारलं नव्हतं. माझ्या आजाने मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो. दंडक मोडला म्हणून ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्याचं गाव काय वाकडं करणार?

असे सांगतात की एके काळी या विहिरीला बारमाही पाणी होतं आणि तिच्याभोवती खडकवणे नावाचं गाव होतं. त्या घाणेरीच्या जाळीत शिराल तर अजून घरांची जोती सापडतील. खाली आमची पाझरवाडी. तिथे तळं होतं, पण पाणी बेताचंच. होळी झाली की अख्खा गाव कुदळी-पाट्या घेऊन तळ्यात उतरायचा आणि गाळ काढायचा. पाटलाच्या घरालाही पाळी चुकलेली नव्हती. पाळीला दांडी मारणाऱ्याच्या दारी वर्षभर कुणी जेवायला जात नसे. गाव बाजरी खाऊन होता, पण स्वतःच्या हातापायांवर होता.

मग गावात सटवाजी परत आला. तरुणपणी घर सोडून गेलेला, कुठल्याशा डोंगरात एका साधूजवळ बारा वर्षं राहून विद्या शिकलेला. लोक त्याला जाणता म्हणू लागले. तळ्याच्या काठावर बाभळीच्या काठीने रिंगण काढायचा, आत उभं राहून ओठ हलवायचा, की पाणी काठाला लागायचं. मंत्र कधी कुणाला ऐकू आला नाही. विद्या देताना साधूने म्हणे त्याला बजावलं होतं, "पाणी कुणाला निर्माण करता येत नाही, नुसतं बोलावता येतं. ते कुठून उठून येतं ते बघायची छाती असेल तरच बोलाव." सटवाजीने विद्या घेतली आणि बघायचं तेवढं राहून गेलं.

माणूस वाईट नव्हता हो. वाईट आम्ही झालो. पहिल्या वर्षी लोकांनी त्याचे पाय धरले, दुसऱ्या वर्षी त्याला घर बांधून दिलं, आणि तिसऱ्या वर्षी गाळ काढायला कुणी उतरलंच नाही. गाळ कशाला काढायचा, जाणता आहे की! कुदळींचे दांडे चुलीत गेले. विहिरी खणणारी चार घरं होती, ती काम नाही म्हणून गाव सोडून गेली. वेशीपर्यंतसुद्धा त्यांना कुणी पोचवलं नाही. गावकी देवळातून उठून सटवाजीच्या ओट्यावर बसू लागली. पंगतीत पहिलं पान त्याचं, दुसरं पाटलाचं. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. कोरड्या गावाची सून नको, असं आमच्या बायका तोंड वर करून सांगू लागल्या. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी माणसं आम्ही, आणि ऐट अशी की जणू मंत्र आमच्याच तोंडात आहे.

सटवाजीला एकच मुलगी, हौसा. आई लहानपणीच गेलेली. ती इथे वर खडकवण्यात दिली होती. लग्नात बापाने तिला नारळाच्या करवंटीची डवली दिली होती. करवंटी स्वतः घासून गुळगुळीत केलेली, दांडा सागाचा, आणि दांड्यावर एक मोर कोरलेला. मोर कमी आणि कोंबडा जास्त दिसतो म्हणून हौसा बापाला चिडवायची.

एका उन्हाळ्यात हौसा अवचित माहेरी आली. दीड वर्षाचं पोर सासूजवळ ठेवून, एकटीच. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. घरात न जाता ती थेट तळ्यावर गेली, काठाकाठाने हिंडली आणि पाण्यातून एक कडुलिंबाची डहाळी उचलून बापासमोर आली. डहाळीला तांबडा दोरा बांधलेला होता.

"आबा, ही आमच्या हिरीतली डहाळी हाय," ती म्हणाली. "पाडव्याला हिरीच्या झऱ्यात खोचत्यात तसली. म्या माझ्या हातानं दोरा बांधला, हा बघा गाठीत माझा केस अडकलाय. ही हितं कशी आली?"

सटवाजीने डहाळी हातात घेऊन ती गाठ निरखली.

"चार वर्सं झाली, हीर खाली खाली जातीया. मानसं म्हनत्यात देवाचा कोप. आमी देवाला कोंबडं कापतोय आन् पानी तुमी नेताय व्हय?"

हे असं भर ओट्यावर चाललेलं, गावकी बसलेली. म्हणजे ऐकलं सगळ्यांनी. आम्हाला ठाऊक नव्हतं, असं पुढे आमच्या पोराबाळांना सांगितलं गेलं, ते खोटं आहे. सटवाजी उठला आणि म्हणाला, "आजपासून बोलावणं बंद." तेव्हा पाटलाने त्याचा हात धरला. पाटलाच्या मुलीचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. बारा गावांची माणसं येणार, ऊस उभा. पाटील हौसाला गोडीत म्हणाला, "पोरी, तू काय परकी हायस का? लगीन तेवढं हून जाऊ दे. पाच दिसांनी तुझा बा काठी मोडून टाकंल."

"आमच्याकडं पाच दिसांचं पानी न्हाई, काका."

ओट्यावर बसलेल्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. सटवाजीने मुलीकडे बघितलं, पाटलाकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढा एकच डाव, हौसे." शेजारणीने तिच्यासमोर तांब्या धरला. तिने तो हाताने बाजूला केला आणि पाणी न पिता माहेरातून निघून गेली. माझा आजा इथवर आला की थांबायचा. म्हणायचा, त्या वेळी नुसतं एकाने जरी तिच्यामागे घागर नेली असती!

लग्नाच्या दिवशी सकाळी सटवाजीने रिंगण काढलं. आजवर बोलावलं नव्हतं तेवढं पाणी बोलावलं. त्याच वेळी वर खडकवण्याच्या बायका दोराने या विहिरीच्या तळाशी उतरून डवल्यांनी पाझर गोळा करत होत्या. आळीपाळीने उतरायच्या. तेव्हा आत हौसा होती. मंत्र म्हटला गेला आणि झऱ्यातलं उरलंसुरलं पाणी एका दमात ओढलं गेलं, त्यासरशी आतली बाजू ढासळली. वरच्या बायकांच्या हातात दोर तेवढा राहिला. चार दिवस माणसांनी दगड उपसले. हौसा सापडली नाही.

खाली तळं तुडुंब भरलं. पंगती बसल्या, वाढपी कळश्या बुडवत होते. एका वाढप्याच्या कळशीला काहीतरी अडकलं म्हणून त्याने ते काढून काठावर फेकलं. करवंटीची डवली, सागाचा दांडा, दांड्यावर कोंबड्यासारखा मोर. सटवाजी पहिल्या पानावर बसला होता. त्याने ती पाहिली.

त्याने रिंगणात उभं राहून पाणी परत धाडायचा प्रयत्न केला, असं सांगतात. तळ्यावर साधी लाटसुद्धा उठली नाही. त्याला बोलवायचंच शिकवलेलं होतं. मग त्याने काठी मोडली, घागर भरली, खांद्यावर घेतली आणि डोंगर चढून या विहिरीत ओतली. पुन्हा खाली, पुन्हा वर. रोज उठून तेच. खडकवण्याची माणसं एव्हाना गुरंढोरं घेऊन निघून गेली होती, हौसाचं पोरही त्यांच्याबरोबर. कुठे गेली, ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

आता पाटीवर लिहिलेल्या क्षमेचं ऐका. पावसाआधीच तळं आटलं. गाळ पाच हात साठलेला, घरात कुदळ नाही, ऊस वाळलेला. तेव्हा गावाच्या लक्षात आलं की सटवाजी विहिरीत घागर ओतताना ओठ हलवतो. मंत्रच असणार! म्हातारा आज आहे, उद्या नाही. मंत्र त्याच्याबरोबर गेला तर? म्हणून दुसऱ्या दिवशी गावातल्या घरटी एकाने मिळेल तिथून घागरभर पाणी आणलं आणि सगळे त्याच्या मागोमाग डोंगर चढले. सटवाजीला वाटलं, गाव आपल्या दुःखात आला. तो म्हणे थांबून प्रत्येकाच्या पाया पडला.

सात दिवस माणसं त्याच्या अंगाला अंग लावून घागरी ओतत होती, कान त्याच्या तोंडाशी. सातव्या दिवशी पाटलाच्या भावाला शब्द नीट ऐकू आले. त्याच वळणावर, जिथे तुम्ही घसरत होता, उतरताना सटवाजी खाली बसला तो उठला नाही. गावाने त्याला तिथल्या तिथेच अग्नी दिला आणि घाईघाईने तळ्यावर जाऊन रिंगण काढलं.

शब्द ऐकून एक बाई म्हणाली, "आवं, ह्यो मंतर न्हवं. बाप लेकीला हाका मारतोय." पाटलाने तिला गप्प केलं. मंत्र वरून असाच साधा दिसतो, म्हणून तर तो आजवर कुणाला सापडला नाही, असं त्याचं म्हणणं. मग अख्खा गाव कोरड्या तळ्याभोवती उभा राहून तो मंत्र म्हणू लागला. तळं काही भरलं नाही. कुणीतरी तोड काढली, जाणता विहिरीवर म्हणायचा, आपणही तिथेच जाऊन म्हणावं. पुढच्या चैत्रात, पाडव्यानंतरच्या सोमवारी, सगळे वर आले, तो पहिला सोमवार.

ते शब्द असे आहेत: "हौसे, हात दे. वर ये बाय. पानी आणलंय."

एवढेच. बापाने मुलाला शिकवायचे, सासऱ्याने जावयाला नाही. तळ्यातला गाळ अजून तसाच आहे, त्यावर पोरं क्रिकेट खेळतात. पाण्याला टँकर येतो. कुठल्या गावचं पाणी भरून आणतो, ते मी एकदा ड्रायव्हरला विचारलं, तर बाकीचे माझ्यावरच ओरडले, नाना, त्याला बोलण्यात गुंतवू नका.

आजही चैत्रात घरटी एक माणूस इथवर चढतो, घागर ओततो, हौसाला हाक मारतो आणि घागर फोडतो. ओतलेलं पाणी तळाला पोचायच्या आत खडक पिऊन टाकतो. तिकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. घागर फुटली रे फुटली, की प्रत्येक जण मागे वळून खाली बघतो, तळं भरलं का. गेल्या सोमवारी मीही बघितलं.