सोंडवाला चोर

"चंपाला उद्याच जंगलात हाकलून द्या," राजे भुजंगराव म्हणाले, आणि कासम माहुताच्या हातातला अंकुश गळून पडला.

चंपा ही राजवाड्याची हत्तीण. कासमने तिला पिल्लू असल्यापासून पोटच्या पोरीसारखं वाढवलेलं. तिचा गुन्हा काय, तर राजेसाहेब काशीहून परतले तेव्हा त्यांच्या लाडक्या शेतातलं सोयाबीन निम्मंच हाती लागलेलं. राखणदार म्हणाला, "श्रावणात सोंड्यानं पानं खाल्ली." सोंड म्हटल्यावर राजेसाहेबांना दुसरं कोण आठवणार? शेतात वाकून बघायची सवय त्यांना नव्हतीच.

"सरकार, सोंड्या म्हंजे किडा," कासमची बायको जैतुनबी पुढे झाली. चंपासाठी ती रोज त्याच शेताच्या बांधावर गवत कापायची. "तांदळाच्या दाण्याएवढा, राखाडी. तोंडाला इवलीशी सोंड. पानाच्या कडा कुरतडत बसतो."

"असं? मग तो मला जिवंत आणून दाखव. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर चंपा गेलीच म्हणून समज."

पौष चालू होता. सोंड्या दिसतो पावसाळ्यात. थंडीत तो औषधालाही सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी जैतुनबी शेतातलं एक ढेकूळ घेऊन दरबारात आली. तिने ते सगळ्यांसमोर फोडलं. आतून एक पांढरी, वाकडी अळी बाहेर पडली.

"हा घ्या चोर."

"याला सोंड कुठंय?" राजेसाहेब कडाडले. "सोंड नाही, पाय नाहीत. मला फसवतेस?"

"श्रावणात याच्या आयनं मातीत अंडी घातली, सरकार. अंड्यातून निघाल्यापासून ह्यो मुळ्या खात वाढला. आता थंडीचा निजून हाय. पुढं मातीतच कोष करंल, आन् पाऊस पडला की सोंड घिऊन वर येईल."

"थापा! सोंड्या असेल तर सोंड जन्मापासून हवी."

जैतुनबीने अदबीने पदर सावरला. "सरकार जन्माला आले, तवा मिशा घिऊनच आले व्हते का?"

राजेसाहेबांचा हात आपसूक आपल्या झुपकेदार मिशांवर गेला, आणि मग ते असे हसत सुटले की पगडी कानावर आली. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी जैतुनबीला दिलं.

"चंपा इथंच राहील," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि पुढच्या श्रावणात त्या शेताचा एक कोपरा तिला चरायला सोडा. आळ घेतलाच आहे, तर तो खरा तरी होऊ दे!"