याकोबाचं बोट

प्रवरेकाठच्या तळखेडी गावात, चर्चच्या मागच्या खोलीत नाथानबाबा राहत असत. अंगात पांढरी बंडी, मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी सलाम. अशा या साधुपुरुषाच्या कृपेची ही हकीकत, भाविकहो, जरा स्थिर मनाने ऐका.

गावचा याकोब साळवे बाबांचा भक्त. दर रविवारी उपदेश करण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं, आणि विषय काही केल्या सुचत नसे. बाबा त्याला म्हणाले, "उपदेश शोधायला शास्त्र उघडू नकोस, लेकरा. भुकेल्यासारखं आपल्यापुरतं वाच. ओळीवरून बोट फिरव. जिथं अडेल तिथं थांब. मंडळीला तेच सांग."

गिद्योन मास्तरांना याचं भारी हसू. त्यांच्याकडे वर्षभराचे उपदेश तयार! "काय याकोबा, अडलं का बोट? की गूळ लागलाय पानाला?" असं भर रस्त्यात विचारायचे. या रविवारी याकोब अडखळला तर व्यासपीठ कायमचं आपल्याकडे यावं, हे त्यांनी चर्चच्या पंचांकडून कबूलही करून घेतलं होतं.

त्या आठवड्यात याकोबाचं बोट एकाच जागी अडू लागलं. भावाचा जीव घेणाऱ्या काइनाला देव विचारतो, तुझा भाऊ कुठं आहे, तिथं. पान उलटावं तर बोट सरकत मागे येई. खालून कुणी धरल्यासारखं वाटे आणि कागद गार लागे. याकोब मनातून घाबरला.

शनिवारी तो बाबांकडे गेला. "बाबा, मी एकुलता एक. मला भाऊच नाही, तर यावर बोलू काय?"

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "तुझं नसेल ते. तुझ्याकडे ठेवायला दिलं असेल. बोट हलवू नकोस."

त्याच संध्याकाळी मास्तरांच्या दारात त्यांचा धाकटा भाऊ सीलास येऊन उभा राहिला. भांडून घर सोडलेला, आता तापाने फणफणलेला. "माझा भाऊ मेला," म्हणत मास्तरांनी कडी लावून घेतली. कसं हो एवढं कठोर व्हावं माणसानं! सीलास अंधारात चालत गेला तो त्या रात्री पुन्हा कुणाला दिसला नाही.

रविवारी याकोबानं शास्त्र उघडलं. तो प्रश्न वाचला आणि पुढचा शब्द तोंडातून फुटेना. मास्तर पंचांकडे बघून हसले. याकोबानं घाम पुसून पुन्हा तोच प्रश्न वाचला.

"इथं आहे," फरशीखालून कुणी बोललं.

बायकांनी पाय वर घेतले. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला, कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मागे बसलेले बाबा म्हणाले, "वाच, याकोबा. थांबू नकोस."

याकोबानं तिसऱ्यांदा वाचलं.

"विहिरीत, दादा." या वेळी आवाज फार क्षीण होता.

"सीलास!" मास्तर किंचाळले आणि अनवाणीच धावले. मागोमाग सगळी मंडळी. मास्तरांच्या मळ्यातली जुनी विहीर गावापासून एवढी लांब की तिथली हाक वेशीपर्यंतही येऊ नये. रात्री अंधारात आत पडलेला सीलास तळाशी, गळ्याएवढ्या पाण्यात, झाडाची मुळी धरून उभा होता. दोर सोडून त्याला वर घेतलं. दात वाजत असताना तो म्हणाला, "सकाळपासून डोळा लागत होता. पण कुणीतरी मला सारखं विचारत होतं, भाऊ कुठं आहे. हा याकोबच." आणि त्यानं याकोबाकडे बोट केलं.

मास्तर बाबांच्या पायांवर कोसळले, तसे बाबा मागे सरले.

"माझ्यापुढे नको, मास्तर. प्रश्न तुम्हाला विचारला होता. उत्तर अजून बाकी आहे."

मास्तरांनी चिखलानं माखलेले भावाचे पाय छातीशी धरले, त्यांच्यावर डोकं टेकवलं आणि हुंदका देत म्हणाले, "माझ्या घरी आहे, देवा. माझा भाऊ माझ्या घरी आहे."