जिवबाची तिसरी पट्टी

एका गावात एक विणकर राहत होता. जिवबा त्याचं नाव. हात चपळ, पण बोलायला फार लाजरा.

त्या गावची एक रीत होती. दर जत्रेला देवीच्या पाळण्यासाठी कापडी तोरण विणायचं. त्यावर एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूला कमळ. दोन्ही नक्ष्या जिवबाचे गुरू सोपानकाका यांनी बसवलेल्या. काका वारले आणि मागे नमुन्याच्या दोनच पट्ट्या राहिल्या. मोराची काकांच्या बायकोच्या, यसाकाकूंच्या पेटीत, कमळाची पाटलांकडे. जत्रेआधी आठवडाभर त्या जिवबाच्या मागावर येत, मग परत आपापल्या घरी जात.

जिवबाला धास्ती वाटे. यातली एक गेली तर? दोन्हींच्या नकला कराव्यात, तर सूत उरलेलं एकाच पट्टीपुरतं. तो पुष्कळ विचार करत बसला.

दोन्ही पट्ट्या सारख्याच मापाच्या होत्या. बारीक चौकोनी घरं, घर पांढरं नाहीतर तांबडं. जिवबाने त्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि तिसरी विणायला घेतली. दोन्हींत घराचा रंग सारखा असेल तिथे पांढरं घर, वेगळा असेल तिथे तांबडं.

पट्टी झाली. तीत ना मोर दिसे, ना कमळ.

"जिवबा, हे काय रे?" यसाकाकू हसून म्हणाल्या. "मोर आहे की पाण्यात पडलेली कोंबडी?"

जिवबा कानापर्यंत लाल झाला. "काकू, असू द्या एक," एवढंच बोलला. ती पट्टी त्याने आपल्या घरी आढ्याला टांगून ठेवली.

तीन जत्रा गेल्या. चौथीला काकूंनी पेटी उघडली, तर आत वाळवी. मोराच्या पट्टीचा नुसता भुगा झाला होता. काकू त्या भुग्यात हात घालून बसून राहिल्या.

शेजारचा हरबा विणकर म्हणाला, "वहिनी, रडता कशाला? मोर तो मोर. मी आठवून विणतो." त्याने विणलाही. मोर डौलदार होता, पिसारा भरगच्च.

काकूंनी तो पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "चांगला आहे हो. पण हा ह्यांचा नाही."

जिवबा गुपचूप पाटलांकडून कमळाची पट्टी घेऊन आला. शेजारी आपली तिसरी पट्टी पसरली. तिच्यातलं घर पांढरं असेल तिथे कमळाचाच रंग घेतला, तांबडं असेल तिथे कमळाच्या उलट. घरामागून घर विणत गेला. आधी चोच आली, मग मान, मग पिसारा. शेवटी एक पीस आखूडच राहिलं. चूक झाली असं वाटून त्याने तीनदा घरं मोजली. बरोबर होती. भीत भीतच तो पट्टी घेऊन काकूंकडे गेला.

काकूंनी त्या आखूड पिसावर बोट ठेवलं आणि डोळे भरून हसल्या.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, एक पीस लहान झालंय. तर म्हणाले, राहू दे, नाचताना मोडलं असेल!" मग त्यांनी जिवबाच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता ती तुझी कोंबडीही दे बाबा. देवीपुढे तिलाही मान आहे."

तात्पर्य: सगळं ठीक असताना केलेली तजवीज वेडीवाकडी दिसली, तरी तिला हसू नये, गेलेलं जसंच्या तसं परत आणते ती तीच.