बांबूच्या पेरातलं नाव

डोंगराच्या पायथ्याशी, बांबूचं हिरवंगार बन जिथे संपतं, तिथल्या खोपटात तुळसा नावाची चिमुकली मुलगी आजोबांबरोबर राहायची. आबा टोपल्या विणायचे, त्यावर दोघांचं कसंबसं भागायचं. पण आबा एकेक नाव विसरत चालले होते. आधी गावाचं, मग स्वतःचं, आणि परवा तुळसाचं. शिवाय केव्हाही उठून बनात जायचे आणि वाट चुकायचे.

"बांधून ठेव गं त्यांना," शेजारच्या कौतिकमावशी म्हणाल्या. "हरवले तर कुठं शोधशील?"

म्हणून बांबू तोडायला निघताना तुळसाने आबांचे हात सुंभाने खांबाला बांधले. बांधताना तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

बनात भर दुपारी पानसुद्धा हलत नव्हतं. तिने कोयता उगारला, तोच बांबूच्या पोकळ पेरातून हाक आली, "तुळसाऽ"

आवाज आबांचा होता.

कोयता हातातून गळला. बांबूआडून पोपटी-सोनेरी परी बाहेर आली. चतुरासारखे झिरझिरीत पंख, अंगभर लुकलुकणारे दवाचे थेंब. पायाशी सावली मात्र नव्हती.

"माणसं विसरतात ती नावं इथं येऊन राहतात," परी हळुवार म्हणाली. "एक इच्छा माग. पण आजोबांसाठी मागायची, तर आधी त्यांना विचार. ते सांगतील तेच मागायचं. तुला आवडलं नाही तरी."

तुळसाला फक्त त्या पेरातलं नाव हवं होतं. ती धावत घरी आली. सुंभ सोडला. आबांच्या मनगटांवर लाल वळ उठले होते. तिने ते हळूच चोळले.

"आबा, तुम्हाला काय हवंय?"

आबांनी दारातून बनाकडे पाहिलं.

"बनात जायचंय," ते म्हणाले. "आणि परत यायचंय. बांधू नकोस, बाई."

'आणि माझं नाव?' तुळसाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"आबा म्हणतात तेच दे," ती मागोमाग दारात येऊन उभ्या राहिलेल्या परीला म्हणाली.

परीने सुंभाला बोट लावलं. सुंभ सळसळत, लांबत थेट बनापर्यंत गेला आणि त्याची चमचमती इवलीशी पायवाट झाली. परी हसली. लख्ख उजेड पडला, आणि उंबऱ्यावर दवाचे चार थेंब तेवढे उरले.

आता आबा रोज बनात जातात आणि दिवेलागणीच्या आत पायवाट त्यांना घरी आणते.

एकदा दोघं दारात टोपली विणत बसली होती. वारा पडला होता, तरी बन कुजबुजलं. आबांनी मान वर केली.

"कुणीतरी तुळसाला हाका मारतंय. ओळखतेस तिला?"

"ओळखते, आबा."

"एवढ्या मायेनं बोलावतंय," आबा म्हणाले, "म्हणजे पोर गुणाची असणार."