भूकंपाचा मुहूर्त

एका डोंगरी राज्यात त्र्यंबक नावाचा एक पंडित होता. त्या राज्यात म्हैस विकायलासुद्धा मुहूर्त लागे. जमीन मात्र मुहूर्त न पाहताच हादरे. एकदा घरे कोसळून माणसे गाडली गेली, तेव्हा राजाने पंडिताला भूकंपाचाच मुहूर्त काढायला सांगितले.

पंडित हाडाचा अभ्यासू. त्याने खडबडीत फरशीवर एक वीट ठेवली, तिला वेताचे धनुष्य बांधले आणि ते रहाटाने संथपणे ओढू लागला. वेत वाकत गेला, वीट ढिम्म हलेना. आणि एकाएकी खाडकन सरकली! पुन्हा ओढली, तर तितक्याच फेऱ्यांनी पुन्हा सरकली. पंडिताचे काळीज सुपाएवढे झाले. जमिनीच्या पोटातले खडकही असेच अडून बसत असणार, ताण साठवून ठरल्या वेळी सरकत असणार! त्याने तडक राजाला कळवले, मुहूर्त देतो. राजाने दवंडी पिटवली.

मग त्याच्या मनात आले, जमिनीखाली खडक एकटा थोडाच असतो? त्याने विटांची रांग वेतांनी जोडून ओढली, आणि सगळा हिशेब कोलमडला. कधी एकच वीट सरके, कधी तिच्या धक्क्याने अख्खी रांग. केव्हा काय होईल, सांगताच येईना. असले नवल त्याने जन्मात पाहिले नव्हते. तो आनंदाने नाचला, आणि दरबार आठवताच त्याची पाचावर धारण बसली.

बायको सत्यभामा म्हणाली, "एखादा दिवस सांगून मोकळे व्हा. चुकलाच तर ग्रहांवर ढकला."

"त्या दिवशी लोक माळावर झोपतील," पंडित म्हणाला, "आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्त घरात. मग?"

दरबारात त्याने खरे ते सांगून टाकले. राजा संतापला. "मग तुझा उपयोग काय?"

पंडिताने विटांच्या रांगेवर दोन चिमुकली घरे मांडली. एक नुसत्या दगडांचे, दुसरे भिंतीभिंतीत लाकडी पट्ट्या घातलेले. रहाट फिरू लागला. सगळा दरबार श्वास रोखून पुढे वाकला. आता सरकेल, आता सरकेल! भालदार शिंकला, सगळे दचकले, वीट जागच्या जागी. आणि लोक हसत असतानाच रांग सरकली. दगडांचे घर भुईसपाट झाले. पट्ट्यांचे डुलले, पण उभे राहिले.

"महाराज, दिवस मला ठाऊक नाही. भिंत कशी बांधावी, ते ठाऊक आहे."

राजाने त्याच दिवशी सुतार-गवंडी कामाला लावले. पुढे भूकंप आला तो कुणाच्या ध्यानीमनी नसताना. कौले फुटली, भिंतींना तडे गेले, पण पोराबाळांसकट सारे लोक जिवंत बाहेर आले.

तात्पर्य: जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावे, आणि जे ठाऊक आहे त्यावर आजच कामाला लागावे.