क्वीन आणि क्विल्ट

शब्द आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. एका शाळेत इंग्रजी शब्दांची कार्डं होती. पुढे चित्र आणि मागे मराठी अर्थ. ‘क्यू’ अक्षराच्या गठ्ठ्यात क्वीन म्हणजे राणी आणि क्विल्ट म्हणजे गोधडी शेजारी राहत.

बाई रोज विचारत, “आज भिंतीवर कोणाला लावू?”

“गोधडीला. आमच्या घरीपण अश्शीच आहे,” मुलं म्हणत.

सोनेरी मुकुटवाल्या क्वीनचा जळफळाट होई. “चिंध्यांचं मेलं केवढं कौतुक!”

“अगं, आपण एकाच अक्षराच्या लेकी. आज मी, उद्या तू,” क्विल्ट म्हणाली.

“राणी रांगेत उभी राहत नसते.”

एकदा टेबलावर डिंक सांडला. क्वीननं तो पाठीला माखून घेतला आणि क्विल्ट कोणाला दिसूच नये म्हणून ती तिच्या चित्रावर उताणी पडली. डिंक वाळला.

दुसऱ्या दिवशी मुलांनी गोधडी मागितली. बाईंनी दोघींना ओढून सोडवलं, तेव्हा क्वीनच्या पाठीवरचा अर्थाचा कागद तुकड्या-तुकड्यांनी सोलून क्विल्टलाच ठिगळांसारखा चिकटून राहिला. गोधडी तरीही ओळखू येत होती. ती भिंतीवर गेली.

नव्यानं शाळेत आलेल्या येसूनं क्वीनला उलटून पाहिलं. “बाई, हिच्या मागं काहीच नाही. ही कोण?”

क्वीननं मुकुट सावरला, तोंड उघडलं. पण तिला उत्तर आठवेना.