एका शब्दामागे पाच मानकरी

त्या राज्यात प्रजा तळ्याच्या बांधाखाली राहत असे आणि तिचं ऐकणारे टेकडीच्या पोटात, खोल दरबारात. मधे एक बोगदा होता. अलीकडे कुणी बोललं की एकेक मुंगी एकेक शब्द उचलून आत नेई. पलीकडे साळुंक्या ते शब्द जुळवून ऐकत. पण हल्ली बोगदा तुंबे. ‘बिळात साप शिरला’ यातलं ‘बिळात’ सकाळी पोचे, ‘साप’ परवा. तोवर साळुंकी गोड आवाजात विचारी, “बिळात काय म्हणालात?”

बोगदा किती रुंद हवा हे ठरवायला दूरदेशी शिकून आलेल्या शेवंती उंदरीला नेमलं. तिला घाई होती. बांध पाझरत होता आणि तिच्या आईचं बीळ नेमकं त्याखालीच होतं.

सगळी प्रजा एकदम बोलते त्या वेळी ती बोगद्याच्या तोंडाशी मोजायला बसली आणि चक्रावली. शब्द मूठभरच होते. पण प्रत्येक शब्दापुढे पाच मुंग्या मानाच्या चालत: ‘श्रीमंत’, ‘प्रजाहितदक्ष’, ‘टेकडीभूषण’, ‘कृपावंत’ आणि ‘साष्टांग’.

“कारभारीकाका,” ती साळिंदराला म्हणाली, “मान अख्ख्या बोलण्याला एकदाच द्या. आहे हा बोगदा पुरून उरेल!”

“अगं पोरी, नुसता शब्द दरबारात उघडावाघडा पाठवायचा? तिकडे चालत असेल तसलं. तू आपली रुंदी सांग.”

शेवंतीने खूप हुज्जत घातली. मग आईच्या बिळाकडे बघून सांगितलं, “सहापट.”

बोगदा सहापट रुंद झाला. दरबाराने पाहिलं, तर केवढी मोकळी जागा! त्याच दिवशी तीस नवी बिरुदं मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी बांधाला भगदाड पडलं. शेवंती आईला हाताला धरून बोगद्याशी धावली. “बांध फुटला!” ती ओरडली. मुंग्या शिस्तीत रांगेला लागल्या. आत ‘श्रीमंत’ पोचलं, ‘प्रजाहितदक्ष’ पोचलं, ‘महाबोगदाकार’ पोचताच टाळ्या झाल्या.

“आपलं म्हणणं आम्हाला मोलाचं आहे,” साळुंकी म्हणाली. “पुढचा शब्द येऊ द्या.”

तेवढ्यात पाण्याला तो प्रशस्त उतार सापडला. बिळांकडे ढुंकूनही न बघता सगळं तळं बोगद्यात वळलं. मायलेकी काठावर कोरड्या उभ्या राहिल्या. आत साळिंदर गळाभर पाण्यात काटे फुलवून दरडावत होता, “कोण आहे रे ते? आधी बिरुदं पुढे पाठवा!”